देव म्हणजे आई-बाप: ही तुलना वापरायची कशी आणि थांबायचं कुठे

"देव म्हणजे शेवटी आपला बापच ना," असं एकजण म्हणतो. "असेल, पण मग असा कसला बाप, लेकरं तडफडतात आणि हा नुसता बघतो?" असं दुसरा म्हणतो. झालं, संपली चर्चा. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटतं आणि विषय होता तिथेच राहतो.

मला विचाराल तर तुलना चांगली आहे, हजारो वर्षं वेगवेगळ्या धर्मांत टिकली ती काही उगाच नाही. फक्त लोक ती अंदाजपंचे वापरतात, कुठूनही उचलायची आणि कुठेही चिकटवायची. म्हणून ती वापरायची कशी ते जरा सविस्तर लिहितेय. तुम्ही देव मानत असाल तर उपयोग होईलच, मानत नसाल तरी होईल, कारण समोरचा नक्की काय मानतो ते न मानणाऱ्यालाही कळलेलं बरं, नाहीतर आपण भलत्याच देवाला नाकारत बसतो.

आधी ठरवा, तुलनेकडून काम काय करून घ्यायचंय

देव आहे हे या तुलनेने सिद्ध होत नाही, ते आधीच डोक्यातून काढून टाका. "प्रत्येक पोराला आई-बाप असतात म्हणजे जगालाही कोणीतरी असणारच" हे ऐकायला गोड आहे पण समोरचा लगेच विचारणार की मग त्या कोणीतरीचे आई-बाप कोण, आणि तुमची विकेट पडणार. ज्याला सिद्ध करायचंय त्याने दुसरी वाट धरावी. ही तुलना नात्याबद्दल आहे. देव आहे असं धरलं तर माणसाचं त्याच्याशी नातं कोणत्या जातीचं असेल, एवढंच ती सांगू शकते आणि तेवढं बऱ्यापैकी सांगते.

का सांगते ते बघा. राजा आणि प्रजा यांच्यात ताकदीचा फरक आहे पण जवळीक नाही, राजाला तुमचं नावसुद्धा माहीत नसतं. मित्रांमधे जवळीक आहे पण दोघं साधारण एका पातळीवरचे. मालक-नोकरात सरळ हिशोब, काम केलं तर पगार. एका बाजूला जवळजवळ सगळी ताकद, दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही, आणि तरीही हिशोब नाही, असं रोजच्या बघण्यातलं नातं म्हणजे आई-बाप आणि लेकरू. तुकोबा 'लेकुराचे हित वाहे माउलीचे चित्त' म्हणतात आणि पुढच्याच ओळीत म्हणतात 'ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभेविण प्रीती'. लाभेविण, बस, सगळा मुद्दा तिथे आहे. आपण देवाशी मनातल्या मनात जे बोलतो त्यातलं बरंचसं खरं तर मालक-नोकर टाइप असतं, मी एवढं केलं आता तू तेवढं कर. तेव्हा तुलना वापरायची तर पहिलं काम म्हणजे ही हिशोबाची वही मिटून ठेवायची. ती मिटता येत नसेल तर तुम्हाला मालकच हवाय, हरकत नाही, पण मग त्याला बाप म्हणू नका.

मुलाचं वय फिक्स करा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. देव आई-बाप, मान्य, पण मग आपण किती वर्षांचे? हे कोणी विचारतच नाही. एकाच्या डोक्यात दीड वर्षाचं बाळ असतं, दुसऱ्याच्या डोक्यात पंचवीस वर्षांचा घोडा, आणि दोघं 'मूल' हा एकच शब्द वापरून तासभर भांडतात.

जुन्या परंपरांनी मात्र वयं किती वेगवेगळी घेतलीयेत बघा. अगदी तान्ह्यापासून सुरू करू. रामानुजाचार्यांच्या श्रीवैष्णव परंपरेत पुढे दोन मतं पडली, वडकलै आणि तेनकलै, आणि त्यांच्यातला फरक सांगायला पिल्लांची उदाहरणं देतात. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असतं, उडी आईची पण पकड पिल्लाची. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई मानेला धरून उचलते आणि घेऊन जाते. वडकलैंचं म्हणणं साधारण असं की भक्ताने निदान धरून तरी ठेवावं, तेनकलैंचं म्हणणं असं की सगळंच तिच्यावर सोडावं. देव दोन्हीकडे आईसारखाच, पिल्लू दोन्हीकडे तान्हंच, आणि तरी पिल्लाने किती करायचं यावर मतभेद आहेच!

त्याच्यापुढचं वय बायबलमधल्या होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात आहे. तिथे देव म्हणतो की एफ्राइमाला, म्हणजे इस्राएलच्या लोकांना, चालायला मी शिकवलं, पण त्यांना ते कळलंच नाही. आता चालायला शिकणारं मूल कधी जवळून बघा. आई वाकून त्याच्या मागे मागे सरकत असते, तिचे हात त्याच्या काखांपासून चार बोटांवर, धरलेले नाहीत आणि सोडलेलेही नाहीत, ते डावीकडे कललं की हात डावीकडे जातात, कंबर भरून आलेली असते पण सरळ व्हायची सोय नाही. आणि पोराचं लक्ष समोर, त्याला वाटतं मी एकटा चाललो. बरं त्याचं वाटणं अगदीच खोटं नाही, पाय खरंच त्याचे आहेत. माणसाचा प्रयत्न किती आणि देवाची कृपा किती यावर पिढ्यान्पिढ्या वाद झालेत, मला तो सगळा वाद या चार बोटांच्या अंतरात जेवढा कळतो तेवढा जाड जाड पुस्तकांत कळला नाही.

मग मोठं झालेलं मूल. लूकच्या शुभवर्तमानातली, 15व्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. मुलगा एवढा मोठा की बापाकडे इस्टेटीतला वाटा मागतो आणि बाप देतो, अडवत नाही, मागे माणसंही पाठवत नाही. 'आपण चुकीचं करत असताना देव हात का धरत नाही' हा प्रश्न ज्याला छळतो त्याने हे वय डोळ्यांसमोर आणावं, दोन वर्षांच्या पोराचा हात धरून ठेवणं हे प्रेम आहे आणि पंचविशीतल्याला खोलीत कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. पुढे तो परत येतो, बाप लांबूनच ओळखतो आणि पळत जातो, हे सगळे सांगतात. मोठ्या भावाकडे मात्र कोणी बघत नाही. तो कुठेही न गेलेला, राबलेला, आणि आता रुसून बाहेर उभा, आत यायला तयार नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजूत काढतो, आणि शेवटी तो आत गेला की नाही ते गोष्टीत सांगितलेलंच नाही. नेमाने देवाचं करणाऱ्या माणसांनी स्वतःला एकदा त्या जागी उभं करून बघावं.

तुकोबांच्या एकाच अभंगात दोन वयंही येतात. 'कन्या सासुऱ्यासी जाये, मागे परतोनी पाहे' ही मोठी झालेली लेक, आणि लगेच पुढे आईपासून चुकलेलं, हुरहुरून बघणारं बाळ. म्हणजे देवापासून लांब पडल्यासारखं वाटणं दोन प्रकारचं असू शकतं, एक वाट चुकल्यामुळे आणि दुसरं जावंच लागतंय म्हणून, जिथे कोणाचीच चूक नसते. हा फरक ज्याला कळला तो 'मला हल्ली देव जाणवत नाही' असं म्हणणाऱ्या माणसाला चटकन 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' असं म्हणणार नाही.

आणि मग सगळं उलटं करणारं वात्सल्य. यात देवच लहान आणि भक्त पालक. सोळाव्या शतकात बंगालच्या कृष्णभक्त चैतन्यांच्या परंपरेतल्या रूप गोस्वामींनी भक्तीचे जे पाच मुख्य भाव सांगितले, शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि माधुर्य, त्यात हा चौथा. भागवताच्या दहाव्या स्कंधात यशोदा कृष्णाला उखळाला बांधायला जाते, दोरी दोन बोटं कमी पडते, आणखी दोरी जोडते तरी दोनच बोटं कमी, शेवटी तिची दमछाक बघून तोच स्वतःला बांधून घेतो. त्याच्या आधीच्या अध्यायात तिला त्याच्या तोंडात अख्खं विश्व दिसतं, ती क्षणभर हादरते आणि मग ते सगळं विसरून पोराला मांडीवर घेते. मला या गोष्टीतली कमाल वाटते ती विसरण्याची. विश्व आठवत राहिलं असतं तर तिला त्याचं नाक पुसता आलं नसतं.

तर करायचं काय, तर बोलायच्या आधी समोरच्याला विचारायचं की तुझ्या डोक्यातलं मूल केवढं आहे. आणि स्वतः देवावर चिडलो असू तेव्हा स्वतःलाही विचारायचं की मी आत्ता कोणत्या वयात बोलतेय. स्वातंत्र्य विशीतल्या माणसाचं हवं आणि काळजी तान्ह्या बाळाची घेतल्यासारखी हवी, असं दोन्ही एकदम मागितलं की गणित जमत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, माणसाचं मूल वाढून आई-बापाच्या बरोबरीला येतं, कधी पुढेही जातं, देवाच्या बाबतीत बहुतेक परंपरा तसं म्हणत नाहीत. त्यामुळे इथे वय वाढणं म्हणजे जबाबदारी वाढणं असं घ्या, ताकद वाढणं असं घेऊ नका.

एका वेळी एकच गुण उचला

आई-बाप म्हटलं की पन्नास गोष्टी येतात, जन्म देणं, सांभाळणं, शिक्षा करणं, थकणं, चुकणं, म्हातारं होणं, मरणं. सगळं गाठोडं देवावर टाकलं तर कोणताच देव त्याखाली टिकणार नाही. एक गुण उचला, तो बोला, आणि कुठे लागू होत नाही तेही त्याच दमात सांगा. हे काही आजचं शहाणपण नाही. 1215 मधे रोमला लॅटेरन इथे चर्चची जी चौथी परिषद भरली तिने असंच लिहून ठेवलंय की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, त्यांच्यातला फरक त्याहून मोठाच असतो.

जुनी वचनंही तेच करतात. बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकाच्या 49व्या अध्यायात देव विचारतो, आई आपल्या अंगावर पिणाऱ्या बाळाला विसरेल का, आणि लगेच म्हणतो, ती एक वेळ विसरेल पण मी विसरणार नाही. तुलना केली आणि दुसऱ्याच वाक्याला ती ओलांडली. वर सांगितलेल्या होशेयमधेही चालायला शिकवण्याचं सगळं झाल्यावर, राग येऊनही तुला टाकवत नाही म्हटल्यावर, देव सांगतो की मी देव आहे, माणूस नाही.

इस्लाममधे ही काळजी आणखी कडक आहे. कुराणातल्या 112व्या सूरेत स्पष्ट आहे की त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही. त्यामुळे मुसलमान मित्राशी बोलताना 'अल्लाह म्हणजे बाप' असं म्हणू नका, त्याला ते चालणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. पण हदीसमधे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, असा प्रसंग आहे की कैद्यांमधली एक बाई मूल सापडताच त्याला छातीशी धरते, दूध पाजते, आणि पैगंबर सांगतात की ही आपल्या मुलावर जेवढी दया करते त्याहून अल्लाह आपल्या बंद्यांवर जास्त दयाळू आहे. म्हणजे नातं नाही घेतलं, त्यातला फक्त दयेचा गुण घेतला. तुलना कशी करावी याचं इतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आणि एकाच नात्यावर अडून बसू नका. विश्वरूप बघून घाबरलेला अर्जुन गीतेच्या 11व्या अध्यायात माफी मागतो तेव्हा एका श्लोकात तीन नाती घेतो, जसा बाप मुलाचं, मित्र मित्राचं, प्रियकर प्रियेचं सहन करतो तसं माझं सहन कर. एकाने भागत नव्हतं म्हणूनच तीन घेतली असणार.

पालकाच्या खुर्चीत बसून बघा

आपण ही तुलना बहुतेक वेळा मुलाच्या जागेवरून करतो, मला काय मिळालं, मला काय नाही मिळालं. जरा उठून पलीकडच्या खुर्चीत बसा. तिथून वेगळंच दिसतं.

मूल हातात येतं तेव्हा त्याने काहीही केलेलं नसतं, कोणतं पुण्य नाही, कर्तृत्व नाही, उलट रात्रभर जागवतं, आणि तरी आपण त्याच्यावर जीव टाकून बसलेलो असतो. म्हणजे प्रेम आधी आणि लायकी नंतर. मग ते जरा बोलायला लागलं की एक दिवस तोंडावर सांगतं 'तू मला अजिबात आवडत नाहीस'. आपल्याला लागतं, पण नातं तुटत नाही, आपण संध्याकाळी त्याच पोराच्या अंगावर पांघरूण घालतो. अठराव्या शतकात बंगालमधे रामप्रसाद सेन कालीमातेला आई म्हणून चक्क भांडायचे, टोमणे मारायचे, तुझ्यासारखी आई कोणाची नसेल अशा सुरात. हे पाप नाही का, असं विचारणाऱ्याने कधी मूल वाढवलेलं नसावं. जे पोरगं आईशी भांडतं त्याला आई आहे याची खात्री असते.

आणि पालकाला सगळ्यात जड काय जात असेल तर ते म्हणजे करता येत असून न करणं. बुटाची लेस आपण पाच सेकंदात बांधू शकतो, पण हात मागे घेऊन त्याची झटापट बघत उभं राहायचं. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते, त्यांनी 1953 मधे पुरेशी चांगली आई अशी कल्पना मांडली, की ती सुरुवातीला बाळाच्या गरजेप्रमाणे जवळजवळ पूर्ण वाकते आणि मग बाळाला जसजसं झेपेल तसतशी हळूहळू कमी वाकत जाते. याचं धार्मिक भावंड म्हणावं अशी एक कल्पना सोळाव्या शतकातल्या इत्झाक लुरिया या यहुदी गूढवाद्याच्या शिकवणीत आहे. तो म्हणतो देवाने जग करायच्या आधी स्वतःला आक्रसून घेतलं, दुसऱ्या कशाला तरी असायला जागा व्हावी म्हणून. त्याने हे आई-बापांवरून सांगितलं नव्हतं, पण वयात आलेल्या पोरासोबत एका घरात राहणाऱ्या कोणालाही ते सहज कळेल.

हे कळायला मूल असायलाच पाहिजे असं नाही हं. ज्ञानेश्वरांचं लग्न झालं नव्हतं, 1296 मधे ऐन विशीत समाधी घेतली, आणि लोक त्यांनाच माउली म्हणतात. इंग्लंडमधली नॉर्विचची ज्युलियन चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत कोंडून घेऊन राहिली आणि तिने ख्रिस्ताला आई म्हणून लिहिलं, तेही चौदाव्या शतकाच्या आसपास. कोणाची तरी विनाहिशोब काळजी घेतली असेल, आजारी माणसाची, लहान भावाची, तरी खुर्ची मिळते.

दुःखाचा प्रश्न आला की हळू चाला

इथे ही तुलना सगळ्यात जास्त वापरली जाते आणि इथेच ती सगळ्यात जास्त दुखवते.

लस टोचताना बघा. पोर मांडीवर, आईने एका हाताने त्याचे दोन्ही हात आवळलेले, पाय स्वतःच्या गुडघ्यांत धरलेले. सुई नर्स टोचते पण पोर नर्सकडे बघत नाही, आईकडे बघतं, आणि त्या नजरेत सरळ सरळ 'तूसुद्धा?' असतं. त्याला काहीही समजावता येत नाही, रोग म्हणजे काय, लस म्हणजे काय, त्या वयात शब्दच नाहीत. आणि पुढच्या सेकंदाला ते ज्या हातांनी आवळलं होतं त्याच हातांना चिकटून रडतं.

1984 मधे स्टीफन विक्स्ट्रा या तत्त्वज्ञाने साधारण याच धर्तीचा युक्तिवाद केला, की एक महिन्याच्या बाळाला आई-बापाचे हेतू जेवढे कळतील तेवढेच आपल्याला देवाचे कळणार, तेव्हा आपल्याला कारण दिसत नाही म्हणजे कारण नाहीच असं म्हणता येत नाही. मुद्दा तगडा आहे. पण विल्यम रो या नास्तिक तत्त्वज्ञाचं उत्तर त्याहून तगडं आहे असं मला वाटतं. रो म्हणाला, ठीक, पण चांगले आई-बाप मुलाला दुखत असताना काय करतात? ते उशाशी बसतात, हात धरतात, आम्ही आहोत हे त्याला कळेल असं वागतात. कितीतरी माणसं दुःखात असताना त्यांना असं कोणी जवळ असल्याचं अजिबात जाणवत नाही, मग तुलना कुठे गेली? म्हणजे मांडीवरचं उदाहरण अर्धंच वापरून चालत नाही, आवळणारे हात घेतले तर नंतर पोटाशी घेणारे हातही घ्यावे लागतात.

शिवाय आईला लस निवडावी लागते कारण रोग तिने बनवलेला नाही आणि सुईशिवाय दुसरा उपाय तिच्याकडे नाही. सर्वशक्तिमान देवाबद्दल हे म्हणता येत नाही, इथे तुलना सरळ मोडते, आणि ती मोडते हे मान्य करून टाकावं. श्रद्धा असलेल्यांनी तर आधी करावं, कारण समोरचा ते बोलून दाखवणारच आहे.

यातून एक साधा नियम मी पाळते, तुम्हीही पाळा. ही तुलना स्वतःच्या दुःखाला लावायची असेल तर लावा, कित्येकांना तिने तारलंय. दुसऱ्याच्या दुःखाला, आणि त्यातही ज्याचं मूल गेलंय अशा माणसाला, चुकूनही लावू नका. ज्याला बाप असणं म्हणजे काय ते तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे त्याला तुम्ही काय सांगणार? तिथे गप्प बसून राहणं, चहापाण्याचं बघणं, फोन उचलणं, हेच करा.

ज्यांचे आई-बाप चांगले नव्हते

'देव तुझ्या बाबांसारखा आहे' हे वाक्य काही जणांना धमकीसारखं ऐकू येतं. आधी अंदाज घ्या, विचारता आलं तर विचारा. मानसशास्त्रात यावर अभ्यास झालेत, 1990 मधे ली कर्कपॅट्रिक आणि फिलिप शेव्हर यांनी लहानपणचं आई-बापाशी नातं आणि मोठेपणीची श्रद्धा यांचा संबंध तपासायला सुरुवात केली, आणि त्या विषयात दोन्ही शक्यता बोलल्या जातात. काहींचा देव त्यांच्या आई-बापासारखाच होतो, आणि काहींचा बरोबर उलटा, जे घरात मिळालं नाही ते ते तिथे शोधतात. त्यामुळे समोरच्याचं कुठलं आहे ते आपण ठरवायचं नाही.

अशा माणसाशी बोलताना तुलना उलटी फिरवता येते. 'माझा बाप असा वागायला नको होता' हे त्याला कळलं कशावरून? कुठेतरी त्याच्या मनात एक माप आहे, बाप कसा असावा याचं, आणि त्या मापानेच त्याने घरच्या बापाला मोजलं. देवाबद्दल बोलायचं तर त्या मापापासून सुरू करा. आणि तेही नको असेल तर सोडून द्या, मित्र आहे, गुरू आहे, नात्यांची कमी नाही.

'देव आपणच बनवलाय' असं कोणी म्हणालं तर

म्हणणारच. लुडविग फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाने 1841 मधे म्हटलं की माणूस आपलेच गुण मोठे करून आकाशात टांगतो, आणि मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने 1927 मधे म्हटलं की असहाय्य पोराला जसा रक्षण करणारा बाप लागतो तसाच मोठ्या माणसाला देव लागतो. चिडू नका, त्यात तथ्य आहे. फक्त दोन गोष्टी विचारा. एक, कल्पना कुठून आली हे कळलं म्हणून ती खोटी ठरते का? तहान लागते म्हणून पाणी खोटं ठरत नाही, अर्थात खरंही ठरत नाही. दुसरं, फ्रॉइडच्या डोक्यातलं मूल किती वर्षांचं आहे? तान्हं आणि घाबरलेलं. यशोदेला कुठला बाप हवा होता? तिला तर राखायला पोर मिळालं. सगळी भक्ती भेदरलेल्या बाळाची नाही.

उलट बाजूनेही प्रामाणिक राहायचं तर हे सांगायला हवं की आईच्या मायेतून शिकायला देव लागतोच असं नाही. बौद्धांच्या मेत्त सुत्तात, म्हणजे मैत्रीभावनेवरच्या जुन्या पाली वचनात, आई एकुलत्या एका मुलाला जिवापाड जपते तसं सगळ्या जीवांविषयी मन करावं असं सांगितलंय, आणि तिथे निर्माता देव कुठेच नाही.

लहान मुलांना सांगताना

इथे थोडक्यात सांगते. 'देव बघतोय हं' असं म्हणून दम देऊ नका, त्याने देवाचा फक्त सीसीटीव्ही होतो आणि पुढे मोठं झाल्यावर पोरं पहिली गोष्ट करतात ती म्हणजे तो बंद. मुलं तुमच्या वागण्यावरूनच देव कसा ते ताडतात, त्यामुळे सांगण्यापेक्षा रात्री भांडण झाल्यावर तुम्ही परत जवळ घेता की नाही याचा परिणाम जास्त होतो. आपण चुकलो तर सॉरी म्हणा आणि 'आई-बाबा चुकतात, देवाला लोक आई-बाबा म्हणतात पण तो आमच्यासारखा चुकतो असं ते मानत नाहीत' असंही सांगून टाका, म्हणजे तुमच्या चुका त्याच्या खात्यावर जाणार नाहीत.

एक प्रश्न मात्र येतोच, मग देवाचे आई-बाबा कोण? गडबडून 'असं विचारू नये' म्हणू नका. काही लोक सांगतात की देव लहान होऊन आला तेव्हा त्यालाही आई होती, काही लोक सांगतात त्याला कोणीच नाहीत, आई-बाबा म्हणायचं ते फक्त समजायला सोपं पडावं म्हणून, असं दोन्ही सरळ सांगा आणि तुम्हाला काय वाटतं तेही सांगा. त्यावर पोरगं म्हणेल की मग त्याला अभ्यासाला बस म्हणून कोणी ओरडत नाही, मजा आहे त्याची. म्हणू दे.